अरबस्तानचे प्रतिध्वनी आणि श्रीवर्धनचा किनारा

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मुंबईजवळ समुद्रकाठी एक रडार काम करीत होते. त्याची वारंवारता २०० मेगाहर्ट्झ, म्हणजे तरंगलांबी दीड मीटर. पृथ्वी गोल असल्यामुळे क्षितिजाखाली गेलेले जहाज अशा रडारला दिसू नये, अशी अपेक्षा. पण उन्हाळ्याच्या दिवसांत त्याच्या पडद्यावर असे काही प्रतिध्वनी उमटू लागले, की जे जागचे हलेनात. ते जहाजांचे नव्हते आणि विमानांचेही नव्हते. हिशेब केल्यावर लक्षात आले, की ते अरबस्तानच्या जमिनीवरून, हजार मैलांहूनही दूरवरून परत येत होते! पावसाळा लागला की ते नाहीसे होत. युद्धानंतर रेडिओलहरींच्या प्रवासावर जे ग्रंथ निघाले, त्यांत मुंबईचे हे उदाहरण नोंदवले गेले आहे.

हजार मैल म्हणजे सुमारे १६०० किलोमीटर. जाऊन-येऊन ३२०० किलोमीटर. प्रकाशाच्या वेगाने, म्हणजे सेकंदाला ३ लाख किलोमीटर या वेगाने, हे अंतर कापायला सेकंदाचा सुमारे शंभरावा भाग लागतो. वर्गात फळ्यावर हा भागाकार जरूर करून घ्यावा. तेवढ्या वेळात रडारने पुढचा स्पंद सोडलेलाही असतो. त्यामुळे आधीच्या स्पंदाचा प्रतिध्वनी नंतरच्या स्पंदाच्या खात्यात जमा होतो आणि अरबस्तान मुंबईच्या जवळच असल्यासारखे दिसते. पडद्यासमोर बसलेल्या माणसांची किती धांदल उडाली असेल, याची कल्पनाच केलेली बरी.

ही गोष्ट आम्हाला आठवली ती श्रीवर्धनच्या किनाऱ्यावर, एका डिसेंबरात. आमचे एक शिक्षक मित्र तिथे असतात. त्यांच्या घरामागे सुपारीची वाडी आणि वाडीपलीकडे पुळण. आम्ही बरोबर एक लॅपटॉप, ॲल्युमिनियमच्या दोन सळया आणि करंगळीएवढे एक यूएसबी उपकरण नेले होते. या उपकरणाला आरटीएल-एसडीआर म्हणतात. एसडीआर म्हणजे सॉफ्टवेअर डिफाइन्ड रेडिओ. मराठीत आपण त्याला आज्ञावलीने घडणारा रेडिओ म्हणू. हा छंद कसा सुरू करावा, असे अनेक शिक्षक विचारतात. त्याचे उत्तर द्यायचे तर या उपकरणाचा थोडा इतिहास सांगावा लागतो, आणि तो इतिहास बराचसा आपल्या आसपासच घडला आहे.

रेडिओ हा आपल्याकडे आधी छंद होता आणि नंतर संस्था झाला, हे सहसा लक्षात घेतले जात नाही. मुंबईतील रेडिओ क्लबच्या हौशी मंडळींनी १९२३ साली कार्यक्रम प्रक्षेपित केले. इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे मुंबई केंद्र सुरू झाले ते त्यानंतर चार वर्षांनी, २३ जुलै १९२७ रोजी. त्या काळच्या हौशी माणसाला रेडिओ बांधावा लागे. वेटोळे गुंडाळायचे, कंडेन्सर जोडायचा, आणि त्या दोहोंच्या मेळातून हवी ती वारंवारता निवडायची. पुढे घराघरांत आलेल्या व्हॉल्व्हच्या आणि ट्रान्झिस्टरच्या संचांतही मूळ गोष्ट तीच राहिली. केंद्र निवडणे, लहरीवरचा आवाज वेगळा काढणे, तो मोठा करणे, या प्रत्येक कामाला वेगळा भाग. मध्यम लहरींसाठी बांधलेला संच एफएम ऐकवणार नाही, आणि एफएमचा संच जहाजाचा संदेश उलगडणार नाही.

आता समजा, लहरीमुळे एरियलमध्ये निर्माण होणारा विद्युतदाब आपण सेकंदाला लाखो वेळा मोजला आणि ते आकडे संगणकाला दिले. मग केंद्र निवडणे हा गुणाकार होतो, खरखर गाळणे ही बेरीज-सरासरी होते आणि आवाज वेगळा काढणे हे त्रिकोणमितीचे काम होते. उपकरण तेच, आज्ञावली बदलली की रेडिओ बदलला. अमेरिकेतील जोसेफ मिटोला यांनी १९९१ साली अशा यंत्राला ‘सॉफ्टवेअर रेडिओ’ हे नाव दिले. २००१ साली एरिक ब्लॉसम यांनी जीएनयू रेडिओ हा मुक्त आज्ञावलीसंच सुरू केला. पण लाखो आकडे मोजणारे उपकरण तेव्हा महाग होते, आणि शाळेच्या दृष्टीने तर ते नसल्यातच जमा होते.

एका शंकेचे उत्तर इथेच देऊन टाकू. हा संच प्रत्येक क्षणी एकच आकडा देत नाही, दोन देतो. असे का? कोकणातल्या वाडीतला जुना रहाट आठवा. रहाटाच्या एका खुंटीवर नजर ठेवली आणि ती फक्त वर आहे की खाली, एवढेच टिपत गेलो, तर रहाट किती वेगाने फिरतो ते कळेल, पण उजवीकडे फिरतो की डावीकडे हे कळणार नाही. त्यासाठी खुंटी आडव्या दिशेने कुठे आहे हेही टिपावे लागते. लहरीचेही तसेच आहे. उभा आकडा आणि आडवा आकडा, म्हणजेच साइन आणि कोसाइन, मिळाले की लहर मधल्या वारंवारतेच्या वरची आहे की खालची, हे निश्चित होते. दहावीच्या मुलांना हे सहज समजते. ‘त्रिकोणमिती कशाला शिकायची’ हा प्रश्न निदान त्या तासापुरता तरी मिटतो.

महाराष्ट्रात या कल्पनेचे सर्वांत भव्य रूप पाहायचे असेल, तर जुन्नर तालुक्यात खोडदला जावे. प्राध्यापक गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून तिथे जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप, अर्थात जीएमआरटी, ही दुर्बीण उभी राहिली. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, काही जवळजवळ आणि बाकीच्या इंग्रजी वाय अक्षराच्या आकारात सुमारे २५ किलोमीटरपर्यंत पसरलेल्या. या तबकड्यांचे संदेश एकमेकांशी ताडून पाहण्यासाठी आधी खास घडवलेली इलेक्ट्रॉनिक यंत्रणा होती. पुढे तिथल्या शास्त्रज्ञांनी बाजारात मिळणाऱ्या साध्या संगणकांचा समूह जोडून हेच काम आज्ञावलीकडून करून घेतले. त्याचा शोधनिबंध २०१० साली प्रसिद्ध झाला. १९ ऑक्टोबर २०१६ रोजी युरोपचे स्कियापारेली हे यान मंगळावर उतरत असताना त्याच्या छोट्याशा प्रक्षेपकाचा क्षीण संदेश खोडदच्या याच तबकड्यांनी पकडला होता. यान मंगळावर आदळले, पण त्याच्या उतरण्याचा बराचसा भाग संगणकाच्या पडद्यावर एका वाकत जाणाऱ्या रेषेच्या रूपाने दिसत होता.

तशीच रेषा आज श्रीवर्धनमधल्या विद्यार्थ्याला लॅपटॉपवर पाहता येते, आणि याचे श्रेय एका योगायोगाला आहे. संगणकावर डिजिटल दूरदर्शन पाहता यावे म्हणून तैवानच्या रियलटेक कंपनीने आरटीएल २८३२यू नावाची चिप बनवली होती. ती घातलेली स्वस्त उपकरणे युरोपात सर्वत्र विकली जात. त्यांवर एफएम रेडिओही ऐकता येई. हे एफएमचे काम चिप स्वतः करीत नाही, ती कच्चे आकडे तसेच संगणकाकडे पाठवून देते, हे २०१० मध्ये एरिक फ्राय यांच्या ध्यानात आले होते. फेब्रुवारी २०१२ मध्ये फिनलंडचे आन्टी पालोसारी यांनी ते स्वतंत्रपणे शोधले. मग ऑस्मोकॉम या मुक्त आज्ञावलीच्या गटातील स्टीव्ह मार्कग्राफ आणि मंडळींनी त्यासाठी आज्ञावली लिहिली. दूरदर्शनसाठी घेतलेले खेळणे सुमारे २४ ते १७६६ मेगाहर्ट्झपर्यंतचा रेडिओ होऊन बसले! ते सेकंदाला २४ लाखांच्या आसपास आकड्यांच्या जोड्या देते. प्रत्येक आकडा आठ बिटांचा, म्हणजे ० ते २५५ यांपैकी एक. खोडदच्या तुलनेत हे फारच ढोबळ मोजमाप झाले. पण गणित तेच.

म्हणजे उपकरणाचा प्रश्न मिटला. काही हजार रुपयांत ते मिळते, आणि आज्ञावल्या फुकट मिळतात. मग आता दुर्मीळ काय राहिले? आमच्या मते, जागा.

यासाठी रायगड जिल्ह्यातलेच एक उदाहरण पाहण्यासारखे आहे. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजमापे होत होती. मुंबईत विजेवर चालणाऱ्या ट्राम येणार असे ठरले, तेव्हा त्यांच्या विद्युतप्रवाहामुळे ही नाजूक मोजमापे बिघडणार हे स्पष्ट झाले. वेधशाळेचे संचालक नानाभाई मूस यांनी पर्यायी जागा शोधली ती अलिबागची. १९०४ साली तिथे काम सुरू झाले. पुढची दोन वर्षे कुलाबा आणि अलिबाग येथील नोंदी समांतर घेतल्या, म्हणजे जुनी मालिका नव्या मालिकेशी जोडता यावी. ट्राम धावू लागली १९०७ मध्ये. गोंगाट सुरू होण्याच्या आधीच शांत जागा गाठण्याची ही दूरदृष्टी आम्हाला फार मोलाची वाटते. खोडदची निवड करतानाही शहरी रेडिओ-गोंगाटापासून दूर असणे, हा एक मोठा निकष होता.

चुंबकत्वाची मोजमापे आणि रेडिओ या भिन्न गोष्टी आहेत, हे खरे. पण गोंगाटाचा त्रास दोघांनाही आहे. आज आपल्या घरात एलईडी दिवे, इन्व्हर्टर, चार्जर, सौरपॅनेलचे नियंत्रक हे सगळे रेडिओलहरींचा कचरा बाहेर टाकत असतात. पुण्या-मुंबईच्या सदनिकेत एसडीआर लावला, तर पडदा या कचऱ्यानेच भरून जातो. श्रीवर्धनच्या पुळणीवर मात्र मागे वाडी, समोर पश्चिमेला मोकळा समुद्र आणि मुंबई सरळ रेषेत सुमारे १०० किलोमीटरवर. पहिल्याच संध्याकाळी आम्हाला पडद्यावर एक सुरेख, सरळ, ठळक रेषा दिसली. आमचा आनंद पाच मिनिटे टिकला. मित्राच्या मुलीने लॅपटॉपचा चार्जर काढला आणि रेषा नाहीशी झाली. तेव्हापासून आमचा नियम असा की कोणतीही नवी रेषा दिसली, की आधी घरातले एकेक उपकरण बंद करून पाहायचे. या उपकरणातला स्फटिक २८.८ मेगाहर्ट्झवर कंप पावतो. त्याच्या पटीत, उदाहरणार्थ ८६.४ किंवा ११५.२ मेगाहर्ट्झला, खोट्या रेषा दिसू शकतात, हेही वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावे.

एरियलसाठी खर्च करण्याची गरज नाही. ३०० ला मेगाहर्ट्झने भागले की तरंगलांबी मीटरमध्ये मिळते. तिच्या चौथ्या हिश्शाएवढ्या दोन सळया घेऊन एक टीव्हीच्या केबलच्या मधल्या तारेला आणि दुसरी बाहेरच्या जाळीला जोडायची, की द्विध्रुवी एरियल तयार. एफएमच्या १०० मेगाहर्ट्झसाठी प्रत्येक सळई ७५ सेंटिमीटर, जहाजांच्या १६२ मेगाहर्ट्झसाठी साधारण ४५ सेंटिमीटर. सळया लाकडी पट्टीवर बसवून उभ्या बांधाव्यात आणि मिळेल तितक्या उंच न्याव्यात. पट्टी बांबूची असली तरी चालते. वादळवारा आणि विजांच्या दिवसांत एरियल काढून ठेवावे, याची मात्र हयगय करू नये. सुरुवात एफएम केंद्र ऐकण्यापासून करावी. पडद्यावर वरून खाली सरकणारे जे रंगीत चित्र दिसते, त्याला या छंदातली मंडळी ‘वॉटरफॉल’ म्हणजे धबधबा म्हणतात. ते नजरेला सरावू द्यावे. एसडीआर++ किंवा जीक्यूआरएक्स यांपैकी कोणतीही आज्ञावली त्यासाठी पुरते.

ऐकण्याआधी कायद्याचे दोन शब्द. १९३३ च्या भारतीय बिनतारी तारायंत्र कायद्याने बिनतारी उपकरण जवळ बाळगण्यावरच परवान्याचे बंधन घातले होते. साध्या रेडिओसाठी टपाल कचेरीत पैसे भरून दरवर्षी लायसन काढावे लागे, हे जुन्या वाचकांना आठवत असेल. २०२३ साली नवा दूरसंचार कायदा संमत झाला. त्याखालचे नियम पाहून आणि मुख्याध्यापकांच्या संमतीनेच हा उपक्रम करावा. खासगी वा पोलिसी संभाषणाच्या वाटेला जाऊ नये. प्रक्षेपण करायचे असेल, तर हौशी रेडिओचा परवाना परीक्षा देऊन मिळतो, तो मार्ग धरावा. श्रीवर्धनला हे अधिकच लागू आहे. १९९३ साली याच तालुक्यातील शेखाडीच्या किनाऱ्यावर स्फोटके उतरवली गेली होती. किनाऱ्यावर रात्री एरियल घेऊन बसलेल्या माणसाकडे संशयाने पाहिले गेले, तर त्यात पोलिसांचे काही चुकले असे आम्ही म्हणणार नाही. आम्ही आधी ठाण्यावर जाऊन सांगून आलो होतो.

श्रीवर्धनच्या लोकांना वादळाबद्दल शिकवायला नको. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला याच किनाऱ्यावर आदळले. वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर. नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या, विजेचे खांब पडले, मोबाइल फोन मुके झाले. टाळेबंदीचे दिवस, त्यात वीज नाही आणि संपर्कही नाही. पोफळ उत्पन्न द्यायला बरीच वर्षे घेते, त्यामुळे ते नुकसान त्या वर्षापुरते नव्हते. आमच्या मित्राच्या वाडीत अजून मोकळ्या जागा दिसतात. तेव्हापासून ‘शाळेला उपग्रहाचे ढगांचे चित्र थेट घेता येईल का’ हा प्रश्न ते विचारत होते.

घेता येते, पण इथे एक सावधगिरीची सूचना. या छंदाच्या बहुतेक धड्यांत अमेरिकेच्या नोआ १५, १८ आणि १९ या उपग्रहांचे चित्र १३७ मेगाहर्ट्झवर कसे उतरवावे, हे सांगितलेले असते. हे तिन्ही उपग्रह २०२५ च्या जून ते ऑगस्ट या काळात कायमचे बंद करण्यात आले. त्यामुळे त्या धड्यांप्रमाणे तासन्‌तास बसूनही काही मिळणार नाही, आणि मुलांना वाटेल आपलेच चुकले. रशियाच्या मीटिओर मालिकेतील २०२३ आणि २०२४ साली सोडलेले उपग्रह त्याच पट्ट्यात डिजिटल चित्र पाठवतात, त्यांच्याकडे वळावे. अर्थात असे चित्र हा हवामान खात्याच्या इशाऱ्याला पर्याय नव्हे. शिवाय वीज गेल्यावर लॅपटॉप किती तास चालणार? वादळात कामाला येतो तो बॅटरीवरचा साधा ट्रान्झिस्टर. एसडीआरचा उपयोग वादळाच्या आधीच्या आणि नंतरच्या दिवसांत, समजून घेण्यासाठी आहे.

आता पुन्हा अरबस्तानकडे. ते प्रतिध्वनी येत कसे होते? उंची वाढते तशी हवा विरळ होते आणि तिचा अपवर्तनांक किंचित कमी होतो. त्यामुळे रेडिओलहर नेहमीच थोडी खाली वाकते. सर्वसाधारण हवेत, एरियलची उंची मीटरमध्ये घेऊन तिच्या वर्गमुळाला ४.१ ने गुणले, की रेडिओ-क्षितिजाचे अंतर किलोमीटरमध्ये मिळते. आपले एरियल ९ मीटरवर आणि जहाजाचे २५ मीटरवर असेल, तर १२.३ अधिक २०.५ म्हणजे सुमारे ३३ किलोमीटर. उन्हाळ्यात मात्र जमिनीवरून आलेली तापलेली कोरडी हवा समुद्रालगतच्या थंड, दमट हवेवर पसरते. या दोन थरांच्या सीमेवर अपवर्तनांक एकदम घटतो. लहर इतकी वाकते, की पृथ्वीच्या गोलाईला धरून ती पुढे जात राहते. समुद्राचा पृष्ठभाग आणि वरचा थर यांच्यामध्ये जणू एक पन्हळ तयार होते. मोसमी वारे आले, की हवा घुसळली जाते आणि पन्हळ मोडते.

ही पन्हळ तपासायला आज रडार लागत नाही. आंतरराष्ट्रीय वाहतूक करणाऱ्या ३०० टनांवरील जहाजांना एआयएस नावाची यंत्रणा बाळगणे बंधनकारक आहे. तिच्याद्वारे ती स्वतःचे अक्षांश-रेखांश १६१.९७५ आणि १६२.०२५ मेगाहर्ट्झवर काही सेकंदांच्या अंतराने जाहीर करीत असतात. एआयएस-कॅचर नावाची फुकट आज्ञावली हे संदेश उलगडते. तरंगलांबी १.८५ मीटर, म्हणजे त्या जुन्या रडारच्या जवळचीच. या पद्धतीचा मोठा गुण असा, की जहाज कुठे आहे हे ते स्वतःच सांगते. अंतराचा अंदाज बांधावा लागत नाही, नुसता हिशेब करायचा. मुंबई आणि जवाहरलाल नेहरू बंदराकडे जाणारी-येणारी जहाजे श्रीवर्धनसमोरच्या समुद्रातून जातात, त्यामुळे माल भरपूर.

आमच्या दोन संध्याकाळींत सर्वांत दूरचे जहाज चाळीस किलोमीटरच्या थोडे अलीकडेच राहिले. डिसेंबरात, आणि तेही दोनच दिवसांत, याहून अधिकाची आशा नव्हती. फेब्रुवारीपासून जूनपर्यंत रोज तिथे कोण बसणार? आम्ही तर नाहीच. हे काम तिथल्या शाळेचे आहे. वहीत रकाने पाचच: तारीख आणि वेळ, सर्वांत दूरच्या जहाजाचे अंतर, तापमान, आर्द्रता, वाऱ्याची दिशा. आर्द्रतेसाठी ओल्या-कोरड्या तापमापकांची जोडी प्रयोगशाळेत असतेच. अंतर अचानक शंभर-दोनशेच्या वर गेले, तर त्या दिवशी पन्हळ तयार झाली असे समजावे आणि त्याच रात्री एफएमचा पट्टाही चाळून पाहावा. एफएमची लहर तीन मीटरची, तिला अधिक जाड थर लागतो. उलट रडारच्या लहरीला जाऊन परत यावे लागे, हिला एकदाच यायचे आहे. आधी सौराष्ट्र येईल. दीव सुमारे ३७० किलोमीटरवर आहे. मग कराची, हजाराच्या आत. ओमानचे टोक साडेचौदाशे किलोमीटरवर. जवळचे जोरदार केंद्र पट्ट्यात भलत्याच ठिकाणी खोटे प्रतिबिंब दाखवते, म्हणून केंद्राचे नाव किंवा निदान भाषा कानाने ऐकल्याशिवाय नोंद करू नये.

मित्राने वही आखली आहे. एरियल आता वाडीतल्या वादळात वाचलेल्या एका माडाशेजारी, बांबूवर, नऊ मीटर उंच बांधलेले आहे. चार्जर काढणाऱ्या मुलीकडे संध्याकाळी सातची नोंद सोपवली आहे. पहिली ओळ १ फेब्रुवारीला लिहायची ठरली आहे.